नीतिधैर्य मोजायचे कशाने?

जोगेश्वरी पूर्वेच्या टेकडीवर १९३० साली स्थापन झालेले इस्माईल युसुफ हे सरकारी महाविद्यालय उभे आहे. त्याच उपनगरात पश्चिम द्रुतगती महामार्गालगत महापालिकेचे ट्रॉमा रुग्णालय आहे आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या परिसरात बेस्टचे माजास आगार आहे. अध्यापन, शुश्रूषा आणि वाहतूक ही तिन्ही कामे एकमेकांपासून पुष्कळच भिन्न. परंतु त्यांच्यात एक महत्त्वाचे साम्य आहे. या तिन्ही ठिकाणी कामाचा गाभा वरिष्ठाच्या नजरेआड पार पडतो. वर्गाचे दार लोटल्यानंतर अध्यापक जीव ओतून शिकवतो की जुन्या टिपणवह्या वाचून दाखवतो, हे प्राचार्यांना दिसत नाही. रात्रपाळीत रुग्णाने हाक मारल्यावर परिचारिका किती तत्परतेने उठते, हे अधीक्षकांना कळत नाही. धापा टाकत थांब्याकडे येणाऱ्या वृद्धेसाठी चालक क्षणभर गाडी रोखून धरतो की नाही, याची नोंद आगाराच्या कोणत्याही वहीत होत नाही. हजेरीपट माणसाला कामाच्या जागी आणू शकतो. त्याच्याकडून मनापासून काम करवून घेण्याची शक्ती हजेरीपटात नाही.

ही शक्ती ज्यात असते त्याला इंग्रजीत 'मोराल' म्हणतात. मराठीत त्यासाठी एके काळी 'नीतिधैर्य' हा शब्द सर्रास योजला जाई. पुढे 'मनोधैर्य' आणि 'मनोबल' या शब्दांनी त्याला मागे सारले. मूळ शब्दाचा नीतीशी काही संबंध नाही, तेव्हा 'नीतिधैर्य' हे भाषांतर सदोष आहे, असा आक्षेप घेतला जातो. कोशकाराच्या दृष्टीने तो ग्राह्यही असेल. परंतु कचेऱ्या, शाळा आणि कारखाने यांतील अनुभव पाहिला तर जुना शब्दच अधिक अचूक होता, असे म्हणावे लागते. आपल्याला येथे न्याय मिळतो असे ज्या ठिकाणी माणसांना वाटते, त्याच ठिकाणी त्यांचे धैर्य टिकते. जेथे तसे वाटत नाही, तेथे सहली, स्नेहसंमेलने आणि सत्कार-समारंभ यांनी ते उसने आणता येत नाही.

प्रश्नावलीची मर्यादा

अलीकडे कर्मचाऱ्यांच्या समाधानाचे मोजमाप करण्याची प्रथा वाढत आहे. खाजगी कंपन्यांत ती रुळली आहेच. सार्वजनिक संस्थांनाही तिचे आकर्षण वाटू लागले आहे. प्रश्नावली वाटली जाते, एक ते पाच यांपैकी एका आकड्यावर खूण करावयाची असते आणि त्या खुणांची सरासरी काढून 'आमचे कर्मचारी समाधानी आहेत' असा निष्कर्ष अहवालात छापला जातो. या पद्धतीतील उणीव समजण्यास संख्याशास्त्र शिकावे लागत नाही. ज्या साहेबांच्या हाती आपला गोपनीय अहवाल आहे, त्यांच्याच टेबलावरून आलेल्या प्रश्नावलीवर 'मी असमाधानी आहे' असे लिहिणारा लिपिक विरळा. नाव लिहू नका, असे सांगितले तरी दहा माणसांच्या शाखेत हस्ताक्षर आणि वय यांवरून माणूस ओळखता येतोच, हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून तो मधल्या आकड्यावर खूण करतो आणि कामाला लागतो. जेथे भीती अधिक, तेथे सरासरी अधिक चांगली, असा उफराटा न्याय त्यामुळे घडू शकतो.

या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथे, वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झाले. दिव्यांचा प्रकाश वाढवला तर उत्पादन वाढते काय, या साध्या प्रश्नापासून त्यांची सुरुवात झाली. प्रकाश वाढवला तेव्हा उत्पादन वाढलेच, पण तो कमी केल्यावरही ते अपेक्षेप्रमाणे घटले नाही. आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे, या जाणिवेनेच माणूस अधिक काम करतो, असा अर्थ त्यातून काढण्यात आला. एल्टन मेयो यांच्यामुळे तो जगभर पसरला आणि व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून आजही शिकवला जातो. कंपनीने पुढे सुमारे २१ हजार कामगारांच्या मुलाखती घेतल्या. तक्रार दूर झाली नाही तरी ती बोलून दाखवल्याने माणसाचे मन हलके होते, असे निरीक्षण त्या वेळी नोंदवले गेले.

त्या प्रयोगांची दुसरी बाजू मात्र तितक्या आवर्जून सांगितली जात नाही. प्रयोगासाठी निवडलेल्या थोड्या मुलींपैकी दोघींना, त्या फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत या कारणास्तव, मध्येच बदलण्यात आले होते. पुढे महामंदी आली आणि ज्यांची मने मुलाखतींनी हलकी झाली होती अशा अनेकांच्या नोकऱ्याही गेल्या. मन मोकळे करण्याची मुभा होती. भवितव्याच्या निर्णयात मात्र त्यांना स्थान नव्हते. माणसाला विचारणे चांगलेच. पण विचारून झाल्यावर काहीच करावयाचे नसेल, तर विचारणे हीसुद्धा एक प्रकारची फसवणूक ठरते.

लोखंड्यांची मोजणी

हॉथॉर्नच्या ४० वर्षे आधी मुंबईत एक मोजणी झाली होती. तिला कोणी प्रयोग म्हटले नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक आणि काही काळ एका गिरणीतले भांडारपाल. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पूर्ण सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत हाती पडावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा.

या यादीत पगारवाढीची मागणी नाही, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कामगार कमालीचे गरीब होते. तरीही त्यांनी प्रथम मागितली ती निश्चिती. काम कधी संपणार, पगार कधी मिळणार, अपघात झाला तर आपले काय होणार, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला ठाऊक नाहीत, त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा कशी करावी? २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आज रविवारी घरी बसून वृत्तपत्र वाचणाऱ्या शिक्षकाला आणि लिपिकाला जी सुट्टी स्वाभाविक वाटते, तिची मागणी मालकांनी वाटलेल्या प्रश्नावलीतून पुढे आलेली नव्हती. कामगारांनी ती स्वतः ठरवली, आपल्या सह्यांनिशी मांडली आणि उत्तर मिळेपर्यंत सहा वर्षे लावून धरली.

अहमदाबाद आणि अहमदनगर

तर मग वरिष्ठांच्या हाती काहीच नाही काय? पुष्कळ आहे, आणि त्याची दोन उदाहरणे आपल्या जवळचीच आहेत.

पहिले अहमदाबादच्या कॅलिको मिलचे. तेथे स्वयंचलित माग बसवले गेले, पण अपेक्षित उत्पादन मिळेना. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी त्या खात्याची पाहणी केली. त्यांना आढळले की विणकामाचे तुकडे पाडून ते बारा प्रकारच्या कामगारांत वाटलेले आहे. कोणी फक्त तुटलेला धागा जोडतो, कोणी फक्त कांडी भरतो, कोणी केवळ तेल घालतो. अमुक मागांवरचे कापड माझे, असे म्हणणारा एकही मनुष्य तेथे नव्हता. राइस यांनी मागांचे गट पाडावेत आणि प्रत्येक गट एका लहान तुकडीच्या स्वाधीन करावा, असे सुचवले. कामगारांनी ती कल्पना उचलून धरली आणि तुकड्या आपल्या आपणच तयार केल्या. स्थिरस्थावर होण्यास काही काळ गेला. पण नंतर उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. यंत्रे तीच आणि माणसेही तीच होती. पूर्वी ज्यांच्या वाट्याला केवळ हालचाली आल्या होत्या, त्यांच्या वाट्याला आता एक संपूर्ण काम आले.

दुसरे उदाहरण तेव्हाच्या अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. १९८०च्या दशकाच्या आरंभी अनिलकुमार लखिना हे तेथे जिल्हाधिकारी होते. जिल्हा कचेरीची त्या काळची अवस्था ज्यांना आठवते त्यांना वर्णनाची गरज नाही: कपाटांवर, खिडक्यांत आणि टेबलांखाली रचलेली दप्तरे, त्यांवर साचलेली धूळ, आणि हवा तो कागद कोठे आहे हे केवळ एका जुन्या लिपिकालाच ठाऊक असणे. लखिना यांनी पुष्कळसे काम वरकरणी क्षुल्लक वाटणारे केले. निरुपयोगी कागद वेगळे काढून नष्ट करवले, जपून ठेवावयाचे कागद वर्गवारीने लावून घेतले, बसण्याची मांडणी बदलली, आलेल्या नागरिकाला कोणाकडे जावे हे कळेल अशी व्यवस्था केली आणि कर्मचाऱ्यांना आपापल्या कामाचे नियम समजावून दिले. 'लखिना पॅटर्न' या नावाने ही पद्धत पुढे राज्यभर परिचित झाली.

त्या प्रयोगाचे वर्णन सहसा नागरिकांच्या सोयीच्या अंगाने केले जाते. पण त्याचा लिपिकाच्या मनावर होणारा परिणाम तितकाच महत्त्वाचा आहे. हवा तो कागद पाच मिनिटांत सापडतो, तेव्हा लिपिकाला समोरच्या माणसाशी खोटे बोलावे लागत नाही. 'उद्या या' हे वाक्य प्रत्येक वेळी आळसातून येते असे नाही; पुष्कळदा ते लज्जेतून येते. फाईल सापडत नाही हे कबूल करण्यापेक्षा माणसाला परत पाठवणे सोपे असते. दिवसातून दहा वेळा अशी लबाडी करावी लागणाऱ्या मनुष्याचे मन संध्याकाळी प्रसन्न कसे राहील?

एका छपराखाली दोन न्याय

ही झाली कामाच्या रचनेची गोष्ट. मात्र आज आपल्या सार्वजनिक संस्थांतील नीतिधैर्याला सर्वांत मोठे भगदाड पडले आहे ते निराळ्या कारणाने. एकाच कामासाठी एकाच छपराखाली दोन न्याय लावले जात आहेत.

बेस्टचे उदाहरण घ्यावे. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टच्या कायम कर्मचाऱ्यांचा संप नऊ दिवस चालला आणि उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यानंतर तो मिटला. त्याच वर्षापासून उपक्रमात भाडेतत्त्वावरील बसगाड्यांचे प्रमाण झपाट्याने वाढत गेले. गाडी कंत्राटदाराची आणि चालकही कंत्राटदाराचा. पण रस्ता तोच, प्रवासी तेच आणि गाडीवरचे नावही बेस्टचेच. ऑगस्ट २०२३ मध्ये या कंत्राटी चालकांनी काम थांबवले. घाटकोपर आणि मुलुंड येथे सुरू झालेले ते आंदोलन पाहता पाहता इतर अनेक आगारांत पसरले. समान कामाला समान वेतन हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. एकाच फलाटावर उभ्या असलेल्या दोन चालकांपैकी एकाच्या पगारात आणि सुरक्षिततेत दुसऱ्याच्या मानाने मोठी तफावत असेल, तर दुखावतो तो केवळ कमी मिळणाराच नव्हे. ज्याला अधिक मिळते त्यालाही आपली जागा उद्या अशाच रीतीने भरली जाईल, ही धास्ती लागून राहते.

शिक्षणक्षेत्रातही हेच चित्र दिसते. २००० सालापासून महाराष्ट्रात नवा शिक्षक प्रथम तीन वर्षे 'शिक्षणसेवक' म्हणून मानधनावर काम करतो. तो वर्ग तोच घेतो, उत्तरपत्रिका त्याच तपासतो; पण शिक्षक म्हणवून घेण्याचा अधिकार त्याला तीन वर्षांनी लाभतो. प्राथमिक शाळेतील हे मानधन २०२३ मध्ये १६ हजार रुपयांवर नेण्यात आले, तोवर ते बरेच कमी होते. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची स्थिती याहून अनिश्चित आहे. सरकारी कचेऱ्यांत १ नोव्हेंबर २००५ ही तारीख अशीच भिंतीसारखी उभी आहे. त्या दिवसापूर्वी लागलेल्यास जुने निवृत्तिवेतन आणि त्यानंतर लागलेल्यास निराळी योजना. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी सात दिवसांचा संप केला, त्यामागे ही भिंत होती. त्यानंतर शासनाला सुधारित योजना पुढे आणणे भाग पडले.

तिजोरीची अडचण खरी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. बेस्ट तोट्यात आहे आणि निवृत्तिवेतनाचा बोजा राज्याच्या अर्थसंकल्पात लहान नाही. परंतु पैसा कमी असणे वेगळे आणि तो विषम रीतीने वाटणे वेगळे. घरात धान्य कमी असेल तर सगळे अर्धपोटी राहतात आणि ते घर एकत्र राहते. एका भावाच्या ताटात वाढून दुसऱ्याला ओसरीवर बसवले, की घर मोडते. कंत्राटी पद्धतीने वाचलेला पैसा हिशेबात दिसतो. त्यापायी गेलेली आपुलकी कोणत्याही रकान्यात दिसत नाही, म्हणून ती फुकट गेली असे समजले जाते.

नागरिकाचा प्रतिप्रश्न

यावर सामान्य नागरिक विचारील: खिडकीपाशी ताटकळतो तो मी, आणि काळजी वाहायची ती खिडकीमागच्या माणसाच्या मनाची? २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. त्याने माझी फाईल वेगाने हलली काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही नीतीतच आहे. सवलत म्हणजे न्याय नव्हे. ज्या शाखेत चार माणसांचे काम दोघे करतात आणि उरलेले दोघे उपाहारगृहात दिवस काढतात, तेथे सुट्ट्या वाढवून काम करणाऱ्या दोघांचे मन सुधारत नाही. न करणाऱ्याला कोणी विचारत नाही आणि करणाऱ्याच्याच टेबलावर आणखी कागद येऊन पडतात, हा अनुभव अल्प पगारापेक्षाही अधिक खचवणारा असतो.

महाराष्ट्रात यासाठी कायदाही आहे. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५चा अधिनियम जुलै २००६ पासून अमलात आला. सर्वसाधारणपणे तीन वर्षांआधी बदली होऊ नये आणि कोणतीही फाईल एका टेबलावर कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये, असे तो सांगतो. एकाच कायद्यात कर्मचाऱ्याचे संरक्षण आणि नागरिकाचे संरक्षण शेजारी शेजारी ठेवलेले आहे, हे त्याचे वैशिष्ट्य. दुर्दैवाने पहिल्या भागाची आठवण कर्मचाऱ्याला राहते आणि दुसऱ्याची नागरिकाला. दोन्ही भागांची आठवण ज्याला राहावी तो अधिकारी बहुधा स्वतःच बदलीच्या मार्गावर असतो. शिक्षकांबाबतही असेच झाले आहे. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत, असे २००९चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. शिक्षकाच्या टेबलावरील माहितीचे तक्ते पाहिले, की त्या कलमाचे काय झाले ते समजते.

खुणा आणि उपाय

मोजमाप करावयाचेच असेल तर त्यासाठी नवी प्रश्नावली नको. कचेरीत आधीपासून असलेले कागद पुरेसे आहेत. रजेचा रजिस्टर उघडावा आणि एकेका दिवसाच्या अचानक रजा वर्षभरात वाढल्या की घटल्या ते पाहावे. बदलीचे अर्ज कोणत्या शाखेतून अधिक येतात ते मोजावे. तक्रारी सहीनिशी येतात की निनावी, हे तर सर्वांत बोलके लक्षण आहे. निनावी पत्रांचा गठ्ठा वाढू लागला की समजावे, माणसांचा वरिष्ठांच्या न्यायावरील विश्वास उडाला आहे. एखाद्याच्या हातून चूक झाली तर ती त्याच दिवशी साहेबांना सांगितली जाते की लेखापरीक्षणात उघडकीस येते, हेही पाहावे. नव्या माणसाला जुना माणूस काम शिकवतो की 'तुझे तू बघ' म्हणतो? स्त्री-वाहक आणि स्त्री-शिक्षक यांना स्वच्छ स्वच्छतागृह आहे काय? या नोंदींची तुलना दुसऱ्या कचेरीशी न करता त्याच कचेरीच्या मागील वर्षाशी करावी, म्हणजे परिस्थितीच्या भिन्नतेची सबब उरणार नाही.

उपायही यातूनच सुचतात. प्रत्येक लेखी तक्रारीस ठरलेल्या तारखेच्या आत लेखी उत्तर मिळावे. ते नकाराचे असले तरी चालेल, पण कारणासह असावे. सकारण नकार माणूस सोसतो. मौन त्याला सोसवत नाही. कामाचे तुकडे न पाडता शक्य तेथे एक पूर्ण काम एका लहान गटाकडे सोपवावे. कामचुकारास सर्वांदेखत जाब विचारला जावा. आणि कायम असो वा कंत्राटी, किमानपक्षी पगाराची तारीख, साप्ताहिक सुट्टी, अपघातातील संरक्षण आणि पिण्याचे पाणी यांत भेद करू नये. लोखंड्यांनी १८८४ साली मागितले ते बहुतांशी हेच होते.

शेवटी एक ठोस सूचना. महापालिका, बेस्ट उपक्रम आणि राज्य शासनाची खाती दरवर्षी आपले अंदाजपत्रक जनतेपुढे ठेवतात. त्याला एक पानाचे परिशिष्ट जोडावे. मंजूर पदांपैकी रिक्त किती, कंत्राटी किती, कंत्राटदाराकडून पगार किती महिने उशिरा झाला, आणि कर्मचाऱ्यांच्या किती तक्रारींना मुदतीत उत्तर दिले गेले, एवढी चारच माहिती त्यात असावी. त्यासाठी ना समिती नेमावी लागेल, ना सल्लागार. आगारातल्या चालकाला, रुग्णालयातल्या परिचारिकेला आणि तासिकेवर शिकवणाऱ्या अध्यापकाला त्या पानावर स्वतःची स्थिती वाचता येईल. आणि त्यांच्या सेवेवर अवलंबून असलेल्या नागरिकालाही कळेल की खिडकीमागचा चेहरा आंबट का असतो. ते पान छापण्याची तयारी ज्या संस्थेची नसेल, तिने आपल्या कर्मचाऱ्यांच्या नीतिधैर्याविषयी प्रश्नावली वाटू नये.